समोरची

तिचं नाव इथे लिहीत नाही. तसंही आमच्या घरात ते कधी फारसं घेतलं गेलं नाही. आमच्या दारासमोर तिचं दार, म्हणून आम्ही नवराबायको तिला ‘समोरची’ म्हणायचो. समोरचीचं दूध बाहेर राहिलंय, समोरची आज लवकर आली, समोरचीकडे काहीतरी करपतंय. हे शेवटचं वाक्य आठवड्यातून दोनदा तरी व्हायचं, कारण समोरची वाचत असायची.

कर्वेनगरला आमच्या सोसायटीत ती भाड्याने राहायला आली तेव्हा चौतीस-पस्तीस वर्षांची असेल. मूळची यवतमाळकडची. इथे एका आयटी कंपनीत नोकरी, नवऱ्यापासून वेगळी झालेली, आणि सोबत साडेचार वर्षांची मुलगी, रेवा. टेम्पोतून सामान उतरवणारा माणूस पार वैतागला होता. "मॅडम, पुस्तकांचे एवढे खोके आणि पलंग एकच?" ती म्हणाली, "पलंग एकच लागतो. दोन ठिकाणी एकदम आडवं होता येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आमची बेल वाजवली. नवीन शेजारीण पहिल्यांदा येते ती विरजण मागायला. हिने विचारलं, "काकू, तुमच्याकडे कालचा पेपर आहे का?"

"आजचा देऊ का?"

"आजचा वाचला. कालचा सामान हलवण्यात राहिला."

पेपर ती मागून पुढे वाचायची. आधी छोट्या जाहिराती, हरवल्याच्या नोटिसा, नाव बदलल्याच्या नोटिसा, मग वाचकांची पत्रं. पहिल्या पानापर्यंत पोचायची तेव्हा ऑफिसची वेळ झालेली असायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "पहिलं पान सगळेच वाचतात, काकू. या बिचाऱ्यांनी पैसे भरून छापलंय, यांचं कोण वाचणार?" हे सगळं ती रेवाला मोठ्याने वाचून दाखवायची. दार उघडं टाकायची सवय असल्यामुळे आम्हालाही फुकटात ऐकू यायचं. एकदा कोणाची तरी दहावीची गुणपत्रिका स्वारगेटला हरवल्याची नोटीस होती. रेवाने विचारलं, "सापडली का?"

"माहीत नाही, मॅडम." मुलीला ती मॅडम म्हणायची.

"आपण शोधायची का?"

दुसरी कोणतीही आई हसली असती. ही रविवारी सकाळी मुलीला घेऊन खरोखर स्वारगेटला गेली. दोन तास दोघी स्टँडवर बाकांखाली वाकून बघत हिंडल्या. दुपारी जिन्यात भेटल्या तेव्हा दोघींचे हात काळे झाले होते.

"सापडली?" मी विचारलं.

"नाही," रेवा म्हणाली, "पण आम्ही शोधली."

पोळ्या लाटताना तिचं पुस्तक डब्याला टेकवून उभं केलेलं असे आणि पान उलटू नये म्हणून त्याला कपड्याचा चिमटा लावलेला. तिची बहुतेक पुस्तकं हळदीने पिवळी झालेली होती. औषधाच्या बाटलीबरोबर येणारी ती बारीक अक्षरांची घडी ती पूर्ण वाचायची. लिफ्टमधली सूचना रोज तीच असे, तरी रोज वाचायची. सिग्नलला स्कूटर थांबली की पर्समधून पुस्तक निघायचं. मागचे हॉर्न वाजवायचे. "वाजवू देत," ती म्हणायची, "त्यांच्याकडे वाचायला काही नसेल."

सोसायटीत तिला विक्षिप्त म्हणायचे ते मात्र वाचनामुळे नाही. वाचणारा माणूस पुण्यात चालतो. लोकांना खटकायचं ते तिचं मुलीशी बोलणं. मोठी झालीस की कळेल, हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. रेवाने काहीही विचारलं तरी ती हातातलं काम थांबवून उत्तर द्यायची. उत्तर येत नसेल तर तसं सांगायची. मेल्यावर दातांचं काय होतं, मुंगीला झोप येते का, देवाची आई कोण, भिकारी आपल्या घरी का राहत नाहीत. एकदा लिफ्टमध्ये आमचे हे उभे होते. रेवाने आईला विचारलं, "हे आजोबा रागावलेत का?"

"मला वाटतं त्यांचा चेहराच तसा आहे. पण मला नक्की माहीत नाही. तू विचार."

तिने विचारलं. आमचे हे शाळेत हेडमास्तर होते, चाळीस वर्षांत त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. घरी येऊन सोफ्यावर बसले आणि कितीतरी वेळ हसत राहिले. त्या दिवसापासून रेवा आमच्याकडे हक्काने यायची. मला आजी म्हणायला लागली. आमचा मुलगा बंगळूरला, त्यांना मूल नको आहे. हे सांगायचं कारण एवढंच की ती हाक मला किती हवी होती ते कळावं.

बाबा आपल्याकडे का राहत नाहीत, असंही रेवाने एकदा माझ्यासमोरच विचारलं. मी उठून आत जायला लागले. ती म्हणाली, "बसा हो काकू, त्यात काही गुपित नाही." मग मुलीकडे वळून म्हणाली, "आम्ही एकमेकांशी वाईट बोलायला लागलो होतो. रोज. बाबा वाईट माणूस नाहीये. मीही नाहीये. पण एका घरात राहिलो की दोघंही वाईट व्हायचो." रेवाने थोडा विचार केला आणि विचारलं, "मी होते तेव्हा पण?" ती म्हणाली, "हो. तू होतीस तेव्हा पण. त्याबद्दल मला वाईट वाटतं." पाच वर्षांच्या मुलीला कोणी असं सांगतं का? मला तेव्हा ते बरं वाटलं नव्हतं. आता वाटतं, त्या घरात तेवढं एक तरी सरळ होतं.

तिचा दुसरा छंद सिनेमा. शुक्रवारी रात्रीचा शेवटचा खेळ, तोही एकटीने. कोणता सिनेमा लागला आहे हे ती फारसं बघायची नाही. सुरुवातीला महिनोन्महिने जाता येत नसे, कारण रेवाला कुठे ठेवणार. मीच एकदा म्हटलं, "मला तशीही दोनपर्यंत झोप येत नाही. तुझ्या घरात येऊन बसेन. ती झोपलेलीच असते ना?"

"खरंच?"

"त्यात काय. पण एवढं काय असतं गं त्या सिनेमात?"

"सिनेमात काही नसतं बहुतेक वेळा," ती म्हणाली. "दिवसभर मी कोणाची तरी असते, काकू. ऑफिसची, हिची. अंधारात अडीच तास मला कोणी ओळखत नाही."

वर्षभर तो आमचा नेम झाला. रेवा नऊला झोपायची. साडेनवाला ती निघायची, मी त्यांच्या सोफ्यावर जाऊन बसायची. एकच्या सुमाराला ती परत यायची, हळूच चपला काढायची, आधी रेवाच्या खोलीत डोकावायची आणि मग आम्हा दोघींसाठी चहा टाकायची. स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून मला सगळा सिनेमा सांगायची. खलनायकाचा आवाज काढायची, नाच आला की दोन पावलं नाचूनही दाखवायची, तेही पायांचा आवाज न करता. सिनेमा वाईट असला तर जास्त मजा यायची. सकाळी तोच सिनेमा रेवाला सांगितला जायचा, मारामाऱ्या वगळून. रेवाचा शेवटी एकच प्रश्न असायचा. "त्यात माणसं चांगली होती का?"

"निम्मी होती," ती म्हणायची.

आयुष्यात मी इतकं कोणाशी हसले नाही. पोस्टाच्या खिडकीत तेहतीस वर्षं बसले, नंतर घरी बसले. रात्री एक वाजता कोणाच्या तरी स्वयंपाकघरात उभं राहून चहा पिण्याची चैन मला साठीनंतर मिळाली, ती हिच्यामुळे.

आता त्या रात्रीचं सांगते.

शुक्रवारच होता. पावणेबारा झाले असतील. मी त्यांच्या सोफ्यावर पेंगत होते आणि माझा फोन वाजला. समोर आमच्याच घरातून आमचे हे फोन करत होते. "जरा ये. छातीत दाबल्यासारखं होतंय." आवाज त्यांचा वाटतच नव्हता. मी धावले. माझ्यामागे तिचं लॅचचं दार लागलं. यांचा शर्ट घामाने भिजला होता, ओठ पांढरे पडले होते. मी फाईल घेतली, पैसे घेतले, यांना धरून लिफ्टने खाली आणलं. वॉचमन जागेवर नव्हता, मागे पंप चालू करायला गेला होता. रस्त्यावर एक रिक्षा उभी मिळाली. रिक्षात मी यांचा हात धरून नाव घेत होते. लग्नानंतर पहिल्यांदा नावाने हाक मारत होते.

हॉस्पिटलच्या काउंटरवर फॉर्म भरायला दिला. त्यात रुग्णाचं नाव, वय, रुग्णाशी नातं असे रकाने होते. शेवटचा होता, घरी आणखी कोण आहे. तिथे पेन टेकलं आणि मला रेवा आठवली.

तोवर मला ती आठवलीच नव्हती. हे मी कोणालाही पटेल अशा रीतीने सांगू शकत नाही. मला स्वतःलाही पटत नाही. अर्धा तास ती मुलगी माझ्या डोक्यातून पुसली गेली होती.

मी तिच्या आईला फोन लावला. सिनेमाघरात फोन नेहमीप्रमाणे मुका केलेला. सात वेळा लावला. मग संदेश टाकला की यांना हॉस्पिटलमध्ये आणलंय, रेवा एकटी आहे, ताबडतोब जा. वॉचमनचा नंबर माझ्याकडे नव्हता. सोसायटीच्या ग्रुपवर टाकावं असं मनात आलं. लोक काय म्हणतील हेही त्याच क्षणी मनात आलं. एवढ्यात डॉक्टरांनी आत बोलावलं. मी आत गेले.

तिकडे रेवाला जाग आली होती. आई शुक्रवारी सिनेमाला जाते आणि आजी बाहेर सोफ्यावर असतात, हे तिला माहीत होतं. तिच्या आईने ते तिला कधीच लपवलं नव्हतं. सोफ्यावर कोणी नाही असं बघून तिने हाका मारल्या. मग खुर्ची ओढत दारापाशी नेली, तिच्यावर चढून लॅच उघडला आणि आमची बेल वाजवली. किती वेळ वाजवत होती ते कोणाला माहीत नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाई नंतर म्हणाल्या की आम्हाला ऐकू येत होती, पण वाटलं तुमच्याकडे कोणी पाहुणे आलेत. शेवटी ती अनवाणी जिना उतरून खाली गेली. दुसऱ्या पाळीहून परत येणाऱ्या एका रहिवाशाला ती गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला उभी दिसली. त्याने तिला आत आणलं, आणि आणण्याआधी मोबाईलवर तिचं चित्रीकरण केलं. ते ग्रुपवर आलं. मी ते एकदाच पाहिलं. त्यात ती रडत नाहीये. घसा बसला आहे, आणि त्या बसलेल्या आवाजात ती त्या माणसाला विचारते आहे, "आजी कुठे गेल्या?" लोकांना वाटलं, स्वतःच्या आजीबद्दल बोलतेय.

तिची आई आली तेव्हा गेटपाशी दहा-बारा लोक जमले होते. वॉचमनच्या खुर्चीत रेवा बसलेली. सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर विचारलं, "एवढं लहान मूल कोणाच्या भरवशावर टाकून गेला होतात आपण?"

माझे फोन, माझा संदेश, तिने तोवर सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली, "माझ्याच." आणि मुलीला उचलून वर घेऊन गेली.

हे मला दोन दिवसांनी वॉचमनने सांगितलं. त्याच्या दृष्टीने त्यात तिचा उद्धटपणा होता.

सकाळी ती रेवाला घेऊन हॉस्पिटलमध्ये आली. थर्मास, डबा, यांचा टॉवेल, सगळं आठवणीने आणलं होतं. यांना स्टेंट घातला होता. रेवाने यांना विचारलं, "तुम्हाला तुमचं हृदय दिसलं का?" आणि हे तिला पडद्यावर काय दिसलं ते समजावून सांगायला लागले. आम्ही दोघी बाहेर पॅसेजमध्ये आलो. ती म्हणाली, "काकू, आधी काकांना न्यायचं होतं. तुम्ही तेच केलंत."

"मी सगळ्यांना सांगते," मी म्हटलं. "सेक्रेटरींना आजच फोन करते."

"आज नका करू. आज झोपा."

मी त्या दिवशी फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही केला नाही.

यांना घरी आणल्यावर तीन दिवसांनी सेक्रेटरी आले. आधी तब्येतीची चौकशी, मग पिशवीतून एक पत्र काढलं. घरमालकाला लिहिलेलं होतं, भाडेकरू बाई लहान मुलीला एकटीला घरात कोंडून रात्री-अपरात्री सिनेमाला जातात, सबब जागा खाली करून घ्यावी. खाली सगळ्यांच्या सह्या होत्या.

"तुमची तेवढी राहिलीय. तुम्ही तर अगदी समोर राहता."

मी पत्र वाचलं. नीट वाचलं, वाचलं नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. म्हटलं, "एकटी नसते हो ती."

"म्हणजे? कोण असतं?"

आतल्या खोलीत हे खोकले. डॉक्टरांनी यांना कसलाही त्रास होऊ द्यायचा नाही असं बजावलं होतं. आणि सेक्रेटरींची नजर माझ्यावर होती. मी म्हटलं, "नाही, म्हणजे नेहमी एकटी नसते."

"त्या रात्री होती की नाही?"

"होती," मी म्हटलं. ते खरंच होतं. मी सही केली.

ते चित्रीकरण फिरत फिरत रेवाच्या वडिलांपर्यंत पोचलं. ते विश्रांतवाडीला आपल्या आईवडिलांबरोबर राहायचे. वाईट माणूस नव्हता, हे तीच म्हणायची. मी त्यांना जिन्यात पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे सुजले होते. आपली मुलगी मध्यरात्री रस्त्यावर अनवाणी उभी आहे, हे कोणत्याही बापाने पाहिलं असतं तर जे केलं असतं ते त्यांनी केलं. मुलीच्या ताब्यासाठी कोर्टात गेले.

मग एका संध्याकाळी ती माझ्याकडे आली. पहिल्यांदाच तिच्या हातात पुस्तक नव्हतं. "काकू, वकील म्हणतात, त्या रात्री घरात कोणीतरी होतं आणि अडचण आली म्हणून जावं लागलं, एवढं तुम्ही येऊन सांगितलंत तर फरक पडेल. तुम्हाला कोणी दोष देणार नाही. काकांचे हॉस्पिटलचे कागद आहेतच."

मी सही केली आहे हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आता तिथे जाऊन वेगळं सांगितलं असतं तर सही खोटी ठरली असती. मी म्हटलं, "यांना विचारून सांगते."

यांना मी विचारलंच नाही. मुलाला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "आई, बाबांची ही अवस्था, त्यात तू कोर्टाच्या लफड्यात पडू नकोस, प्लीज." मला हेच ऐकायचं होतं म्हणून मी त्याला विचारलं होतं. नंतरचे दोन आठवडे मी तिचं दार वाजलं की आमचं उघडायची नाही. ती लिफ्टपर्यंत गेल्याचा आवाज आला की मग कचरा बाहेर ठेवायची.

तिने पुन्हा विचारलं नाही. आली ती एकदाच, हातात त्या पत्राची प्रत घेऊन. रेवाच्या वडिलांच्या वकिलांनी कोर्टात लावलेली. दारातच उभी राहिली.

"यात ‘सबब’च्या पुढे स्वल्पविराम हवा होता," ती म्हणाली. "आणि ‘कोंडून’वरचा अनुस्वार राहिलाय." मग पान माझ्याकडे वळवून म्हणाली, "तुमची सही मात्र फार सुरेख आहे, काकू. सगळ्यांत ठळक."

मी म्हटलं, "अगं, ऐक तरी."

"ऐकते ना. सांगा."

ती बराच वेळ थांबली. खरंच ऐकायला थांबली होती. मग म्हणाली, "वरण गॅसवर आहे," आणि गेली.

निकाल लागेपर्यंत मुलीने वडिलांकडे राहावं आणि आईने एक शनिवार सोडून एक शनिवार भेटावं असं ठरलं. जायच्या दिवशी रेवा आमच्याकडे आली. यांच्या मांडीवर बसून म्हणाली, "जजना वाटतं मी तिकडे जास्त सुरक्षित राहीन. आईला तसं वाटत नाही. पण त्यांचं ऐकावं लागतं." म्हणजे हेही तिला सरळच सांगितलं गेलं होतं. माझ्याकडे तिने पाहिलं आणि काहीतरी विचारणार होती, पण खालून वडिलांची हाक आली.

त्यानंतर समोरचं दार बंद राहायला लागलं. पेपर दारात साठायचे. आमच्या कामवाल्या बाईच त्यांच्याकडेही जायच्या. त्या म्हणाल्या, ताई काही वाचत नाहीत हो, नुसत्या बसतात. रात्री मात्र त्या बंद दारापलीकडून सिनेमाचे आवाज यायचे. थिएटरला जाणं तिने सोडलं होतं. लॅपटॉपवर लावायची आणि तसाच चालू ठेवायची. पहाटे तीनला, चारला, गाणी, गोळीबार, कोणाचं तरी रडणं. मी अंथरुणात जागी असायची. एकदा उठून तिच्या दारापर्यंत गेले, बेलवर बोट ठेवलं आणि परत आले. दोन महिन्यांनी तिने घर सोडलं. ती निघाली तेव्हा आमच्या दाराला आतून कडी होती.

यांना मी सगळं सांगितलं ते दीड वर्षाने. यांची तब्येत आता उत्तम आहे, रोज टेकडीवर जातात. त्यांनी संपूर्ण ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "माझ्या खोकल्यामुळे सही केलीस असं म्हणतेस?" त्या दिवसानंतर त्यांचं माझ्याशी बोलणं कमी झालं ते झालंच.

मी एका कागदावर खरं काय घडलं ते लिहून काढलं आणि तिचा पत्ता मिळवून गेले. मुलीच्या जवळ राहता यावं म्हणून तिने विश्रांतवाडीतच एक खोली घेतली होती. दार तिने उघडलं. केस बरेच पांढरे झाले होते. भिंतीला लागून खोके, बांधलेले होते तसेच. टीव्ही चालू होता, दुपारी, आवाज बंद करून. मी कागद दिला. तिने उभ्यानेच वाचला, पाठपोट वाचला.

"तारीख घातली नाहीत," ती म्हणाली.

"घालते. वकिलांना दे. मी कुठेही येईन."

"केस लढणं मी सोडून दिलं, काकू. तीन महिने झाले." तिने कागदाची घडी घालून माझ्या हातात ठेवली. "शनिवारी यायला ती नाही म्हणते. शेवटच्या वेळी मला म्हणाली, तू मला एकटीला टाकून गेली होतीस. मी म्हटलं, नाही, टाकून नव्हते गेले. ती म्हणाली, मग मी उठले तेव्हा घरात कोण होतं?"

"तू काय सांगितलंस?"

"काही नाही."

"माझं नाव का नाही घेतलंस?"

"तिच्याशी खोटं बोलायचं नाही हे ठरवलं होतं. तुमचं नाव घ्यायचं नाही हेही ठरवलं होतं. मग बोलायला काय उरतं?" ती टीव्हीकडे बघत म्हणाली. "त्या रात्री तुम्ही काकांपाशी असणार, एवढं तिला मी सांगितलं असतं तर समजलं असतं. तेव्हा वाटलं, तिला जगात चार माणसं. त्यातलं एक कशाला कमी करू? तुम्ही स्वतः तिच्याशी बोलाल असं मी धरून चालले होते. चुकलं माझं."

चहाचं तिने विचारलं नाही. मीही बसले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा विश्रांतवाडीला गेले. रेवाची शाळेची बस कुठे थांबते ते आदल्या दिवशी निघताना मी तिच्या आईला विचारून घेतलं होतं. तिथे रेवाची आजी उभी होती, वडिलांची आई. मी ओळख सांगितली. त्या भल्या बाई. म्हणाल्या, "बोला ना, दोन मिनिटं बोला, मी इथेच आहे." बस आली. रेवा उतरली. आठ वर्षांची झाली होती, दोन वेण्या घातलेल्या. मला तिने लगेच ओळखलं, पण जवळ आली नाही.

मी खाली वाकले. इतके दिवस मनात घोकलेलं सांगितलं. "रेवा, त्या रात्री आईने तुला एकटीला ठेवलं नव्हतं. मी होते घरात. आजोबांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून मला जावं लागलं. चूक माझी होती. आईची नव्हती."

तिने शांतपणे ऐकलं. अगदी तिच्या आईसारखं, डोळे न हलवता. मग म्हणाली, "मग मला उठवून बरोबर का नाही नेलंत?"

गेटवर, हॉस्पिटलात, पत्रात, कोर्टात, कोणीही मला हे विचारलं नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं. उचलून खांद्यावर टाकायची, एवढंच. उत्तर माझ्यापाशी एकच होतं आणि तिच्या आईने तिला जशी उत्तरं दिली तसं ते द्यायला हवं होतं.

"विसरले," मी म्हटलं. "मी तुला विसरले."

तिने पाठीवरचं दप्तर नीट केलं. "बरं," म्हणाली, आणि आजीचा हात धरून निघून गेली.

संध्याकाळी मी तिच्या आईला फोन केला. सगळं सांगितलं, शब्दन्‌शब्द. मग तिने विचारलं, "शेवटी काय म्हणाली ती?"

"बरं म्हणाली."

"आणखी काही विचारलं नाही?"

"नाही."

"हं," ती म्हणाली. "हल्ली माझ्याशीही एवढंच बोलते." आणि तिने फोन ठेवला.